रामन तबला वाजवत बसले होते का?

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतून पत्र आलं आहे. लिहिणारी सत्तावीस वर्षांची, मूळची इचलकरंजीची, सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. शाळेत असल्यापासून तबला शिकते. पुण्यात आल्यावरही तिने गुरुजी शोधले आणि रविवारचा क्लास लावला. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते (कॉलम म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची उभी नळी, टीएलसी म्हणजे प्रक्रिया कुठवर आली ते बघायची झटपट चाचणी, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाआधी द्यायचा सारांश):

"कॉलम लावून बसले होते. थेंब थेंब पडत होता, एकेक टेस्ट ट्यूब भरत होती. नकळत बोटं बाकावर चालायला लागली, तिरकिट तिरकिट. सर मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. म्हणाले, 'सी. व्ही. रामन काय तबला वाजवत बसले होते का?' सगळी लॅब हसली, मीही हसले. संध्याकाळी खोलीवर आले आणि तबल्यावर खोळ घातली. महिना झाला, काढलेली नाही. क्लासलाही गेले नाही. आई म्हणते, एकदा डॉक्टर हो, मग वाजव आयुष्यभर. मोठे शास्त्रज्ञ खरंच बाकी सगळं सोडून जगले का? की मीच कमी पडते? रविवारी क्लासला जायचे तेव्हा ज्युनियर मुलगी माझी रिअॅक्शन बघायची, टीएलसी करून ठेवायची, तरी माझं मन लॅबमध्येच असायचं. आणि लॅबमध्ये असले की हात शिवशिवतात. नोव्हेंबरात विशारदची परीक्षा आहे, जानेवारीत सिनॉप्सिस. काय करू?"

माझ्या भाचीच्या वयाची आहेस, तेव्हा अगं-तूगंच करते.

आधी सरांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू, कारण ते अगदी सरळ आहे. हो, बसले होते. १९२० मध्ये रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर टिपण छापलं, आणि १९३४ मध्ये त्याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला. तुझ्या तबल्यावरच्या काळ्या शाईचं कोडं त्यांना सोडवायचं होतं. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर मूळ स्वराबरोबर उठणारे उपस्वर १.५९ पट, २.१४ पट अशा आडनिड्या प्रमाणात येतात. म्हणून साध्या ढोलाला नाद असतो, पण त्याचा सूर धरता येत नाही. मधोमध शाईचे थर चढवले की पडद्याचं वजन मध्याकडे वाढतं आणि उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत येतात. रामन यांनी पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, बारीक वाळू भुरभुरवली, निरनिराळ्या जागी बोट टेकवून वाजवलं आणि वाळू कुठे गोळा होते ते पाहिलं. जिथे कातडं हलत नाही तिथे वाळूच्या रेघा उमटतात. त्यावरून त्यांनी दाखवलं की पडद्याची पहिली नऊ कंपनं मिळून शेवटी पाचच सुरेल स्वर तयार होतात. तू 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवतेस आणि तर्जनीने किनार मारतेस ना? त्या टेकवलेल्या बोटामुळे मूळ स्वर दबतो आणि वरचा खुलतो. रामन यांनी वाळूने जे दाखवलं ते तबलजींच्या बोटांना कधीचं ठाऊक होतं.

आता हे सगळं ग्रुप मीटिंगमध्ये सरांच्या तोंडावर ऐकवायचा मोह तुला होईल. ऐकवू नकोस. सर शांतपणे म्हणतील, "ते संशोधन होतं. तूही तबल्यावर पेपर लिही, मी पाठवतो." आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नसेल. या वादात एक सापळा आहे, तो आधीच दाखवून ठेवते. एकदा का तू तबल्याची बाजू विज्ञानाच्या जोरावर मांडलीस, की प्रत्येक रियाजाचा हिशेब विज्ञानाला द्यावा लागेल. 'तबल्यामुळे माझी एकाग्रता वाढते', 'आइनस्टाइन व्हायोलिन वाजवायचे म्हणून त्यांना सापेक्षता सुचली' असं लोक उत्साहाने सांगत असतात. आइनस्टाइन व्हायोलिन वाजवायचे, सत्येंद्रनाथ बोस एसराज वाजवायचे, हे खरंच आहे. पण वाजवण्यामुळे शोध लागला असता तर आपल्या प्रत्येक बँडवाल्याच्या घरी नोबेल असतं. आणि समज, तबल्यामुळे तुझं रसायनशास्त्र तसूभरही सुधारत नाही. मग काय तबला सोडायचा? तू तबला वाजवतेस कारण तुला तबला वाजवायचा असतो. हे कारण पुरेसं आहे. ते कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

रामन यांच्याकडे मात्र वेगळ्या कारणासाठी परत यावंसं वाटतं. १९०७ मध्ये ते कलकत्त्याला आले ते शास्त्रज्ञ म्हणून आलेच नव्हते. सरकारच्या अर्थखात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल, वय अठरा. ट्रामने जाता-येता बोबाजार स्ट्रीटवर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' अशी पाटी दिसली आणि त्यांनी जाऊन दार ठोठावलं. पुढची दहा वर्षं त्यांचा दिवस असा होता: पहाटे प्रयोगशाळा, घरी येऊन दोन घास, मग ऑफिस, ऑफिस सुटलं की परस्पर पुन्हा प्रयोगशाळा, घरी यायला रात्र. मध्ये रंगून आणि आपल्या नागपूरलाही बदल्या झाल्या. १९१७ मध्ये कमी पगार पत्करून ते प्राध्यापक झाले. म्हणजे ज्या माणसाचं नाव घेऊन तुला 'फावल्या वेळातले उद्योग बंद कर' असं सुचवलं गेलं, त्याचं पदार्थविज्ञानच दहा वर्षं फावल्या वेळातलं होतं. त्यांच्या वरिष्ठांपैकी कुणी "मोठे हिशेबनीस काय व्हायोलिनच्या तारा मोजत बसतात का?" असं विचारलं असतं तर ऑफिसच्या दृष्टीने तेही रास्तच ठरलं असतं.

जाता जाता एक सांगते. हेच रामन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना त्यांनी कमला भागवत या मुंबईच्या मुलीला, ती मुलगी आहे म्हणून, प्रवेश नाकारला होता. ती हटून बसली तेव्हा अटी घालून वर्षभर आजमावून बघायला तयार झाले. पुढे कमला सोहोनी म्हणून जीवरसायनशास्त्रात त्यांचं नाव झालं. तेव्हा रामन काय करायचे आणि काय नाही, यावरून आपण काय करावं ते ठरवायला जाऊ नये. सरांनीही नाही आणि तूही नाही.

तरी तू सरळ विचारलं आहेस, की मोठे शास्त्रज्ञ बाकी सगळं सोडून जगले का. तर काही जगले. न्यूटन हे सरांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम नाव. 'प्रिन्सिपिया' लिहिला जात होता त्या काळात त्यांच्याकडे हम्फ्री न्यूटन नावाचा लेखनिक होता, नातं काही नाही, आडनाव तेवढं एक. त्याने नंतर लिहून ठेवलंय की साहेबांना कधी करमणूक म्हणून काही करताना पाहिलं नाही, रात्री दोन-तीनपर्यंत जागायचे, जेवायचं विसरायचे. पण याच न्यूटननी किमया (हलक्या धातूचं सोनं करायची विद्या) आणि बायबलमधली कालगणना यांवर वर्षानुवर्षं घालवली, तीही कुणी न सांगता. त्याला काय म्हणायचं ते सरांनाच ठरवू दे.

आणि काही अजिबात तसे जगले नाहीत. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी म्हणायचे की गणितज्ञाला दिवसाला चार तास नवनिर्मितीचं काम, याहून जास्त झेपत नाही. सकाळी न्याहारीबरोबर पेपरातले क्रिकेटचे स्कोअर, नऊ ते एक गणित, दुपारी टेनिस नाहीतर क्रिकेटचं मैदान. अर्थात हे तुझ्या सरांना सांगून उपयोग नाही. गणित डोक्यात घेऊन मैदानावर जाता येतं, चालू कॉलम खिशात घालून जाता येत नाही. प्रयोग करणाऱ्यांचा वेळ बराचसा वाट बघण्यात आणि भांडी घासण्यात जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

डार्विनवर जरा थांबू. तुझ्या आईला जे उत्तर द्यायला हवं ते तिथे आहे.

१८४२ मध्ये डार्विन लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांचा दिनक्रम मुलाने बारकाईने लिहून ठेवलाय. सकाळी आठ ते साडेनऊ काम. ही त्यांची सगळ्यात चांगली वेळ. मग टपाल, आणि सोफ्यावर आडवं होऊन कुणीतरी वाचून दाखवलेली कादंबरी ऐकणं. साडेदहा ते बारा-सव्वाबारा पुन्हा काम. त्यानंतर बहुतेक वेळा ते समाधानाने जाहीर करायचे की आजचं काम चांगलं झालं. मग घरामागच्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या, जेवण, वर्तमानपत्र, पत्रं, पुन्हा पडून कादंबरी, पुन्हा फेरफटका, संध्याकाळी तासभर काम. रात्री पत्नी एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव, रोज. त्याचा हिशेबही ठेवायचे. १८७६ मध्ये एका मित्राला त्यांनी हर्षवायू झाल्यासारखं कळवलं की एमाने आजवर २,४९० डाव जिंकले आणि मी २,७९५! या माणसाने आठ वर्षं समुद्रातल्या बार्नॅकल प्राण्यांवर काम केलं आणि १८५९ मध्ये जगाचा स्वतःकडे बघायचा दृष्टिकोन बदलणारं पुस्तक लिहिलं. रोजचं खरं काम चारएक तासांचं.

इथवरची गोष्ट आजकाल सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. त्याच १८७६ मध्ये डार्विन यांनी मुलांसाठी आपली आठवण लिहिली. त्यात ते म्हणतात की तिशीपर्यंत मला कविता अतिशय आवडायच्या. बोटीवरच्या प्रवासात मिल्टन बरोबर असायचा. संगीत आवडायचं, चित्रं आवडायची. आता कितीतरी वर्षांत कवितेची एक ओळ सहन होत नाही. अलीकडे शेक्सपिअर वाचून पाहिला तर इतका कंटाळवाणा वाटला की मळमळायला लागलं. संगीत ऐकायला बसलो की सुखाऐवजी चालू कामाचेच विचार डोक्यात जोराने फिरतात. (कादंबऱ्या तेवढ्या टिकल्या होत्या, तेही शेवट गोड असेल तर. दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदा करायला हवा असं त्यांचं मत होतं, आणि मला ते पटतं.) माझं डोकं म्हणजे माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारं यंत्र झालंय, असं त्यांनीच लिहिलंय. आणि पुन्हा आयुष्य जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडं संगीत ऐकायचं, असा नियम करीन.

लक्षात घे, या माणसाला वेळ कमी नव्हता. रिकामा वेळ भरपूर होता. कवितेसाठी राखून ठेवलेला तेवढा नव्हता. त्यांनी ती सोडली असंही नाही, नंतर वाचू म्हणत राहिले असतील, आणि नंतर आलं तेव्हा गोडीच गेलेली होती. त्यांना वाटायचं की रोज वापर नसल्यामुळे मेंदूचा तो भाग वाळला. हे शरीरशास्त्र आजच्या कसोटीवर उतरो न उतरो, अनुभव खरा होता. तुझी आई प्रेमाने सांगते की आधी डॉक्टर हो. पण डॉक्टर झाल्यावर पोस्टडॉक आहे, मग नोकरीची वणवण, मग प्रोबेशन, मध्ये लग्नाचं बघणं सुरू झालंच असेल. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी प्रेमानेच म्हणणार की एवढं होऊ दे, मग वाजव. आईला डार्विन सांगू नकोस, उगाच घाबरेल. तू समजून ठेव म्हणजे झालं.

आता पत्रातल्या ज्या वाक्यावर तू स्वतः थांबली नाहीस, तिथे मला थांबायचंय. "ज्युनियर मुलगी माझी रिअॅक्शन बघायची."

ही थोर मंडळी निवांत फिरायची, वाजवायची, विचार करायची तेव्हा घरात कोण काय करत होतं, हे विचारायची पद्धत नाही. डार्विन यांच्याकडे वडिलोपार्जित पैसा होता, नोकरचाकर होते, आणि दहा बाळंतपणं काढलेली, आजारी नवऱ्याला सांभाळणारी, संध्याकाळी पियानो वाजवून दाखवणारी एमा होती. रामन पहाटे निघून रात्री यायचे तेव्हा घरी पत्नी लोकसुंदरी होत्या, स्वतः वीणा वाजवणाऱ्या. आइनस्टाइन यांनी बर्नच्या पेटंट ऑफिसात आठवड्याचे सहा दिवस आठ-आठ तास नोकरी करून १९०५ चे ते जगप्रसिद्ध निबंध लिहिले, त्या वर्षी घरात पत्नी मिलेवा होती आणि वर्षाचं मूल होतं. पुढे १९१४ मध्ये संसार मोडकळीला आला तेव्हा त्यांनी तिला एकत्र राहायच्या अटी लेखी दिल्या: माझे कपडे नीट धुतलेले असावेत, तीन वेळचं जेवण माझ्या खोलीत यावं. वाचून अंगावर काटा येतो.

यातली मला सगळ्यात जवळची वाटते ती कॅरोलाइन हर्शेल. थोरला भाऊ विल्यम इंग्लंडमधल्या बाथ शहरात संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा. त्याचा छंद आकाशाचा. १७७२ मध्ये त्याने धाकट्या बहिणीला जर्मनीहून आणलं ते गाणं शिकवून गायिका करायचं म्हणून. ती झालीही, हँडेलच्या रचनांत एकलगायन करायला लागली, बाहेरगावाहून बोलावणं आलं. पण विल्यमचा छंद वाढत गेला. घरात दुर्बिणीचे आरसे ओतले-घासले जायला लागले. आरसा घासताना हात थांबवता येत नाही, एकदा तर तो सोळा तास उठला नाही. कॅरोलाइन शेजारी बसून त्याला गोष्टी वाचून दाखवायची आणि त्याच्या तोंडात घास भरवायची. १७८१ मध्ये विल्यमला घरामागच्या बागेतून युरेनस दिसला, राजाने पगार बांधून दिला, छंदाची नोकरी झाली. बहिणीचं गाणं संपलं. ती त्याची निरीक्षणं उतरवून घेणारी झाली.

आणि मग १७८६ चा उन्हाळा. राजाच्या वतीने एक दुर्बीण पोहोचवायला विल्यम जर्मनीला गेला. रात्री त्याचे आकडे टिपायचे नव्हते. कॅरोलाइनला स्वतःच्या मनाने आकाश बघायला मिळालं. १ ऑगस्टला तिने धूमकेतू शोधला. पुढच्या वर्षी तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड मिळायला लागले, आणि एकूण आठ धूमकेतू तिच्या नावावर जमा आहेत. भाऊ वाईट नव्हता, तिचा जीव होता त्याच्यावर. पण तो घराबाहेर गेला तेव्हाच तिच्या रात्री तिच्या झाल्या.

आपल्याकडचंच बघ. जयंत नारळीकर १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरले ते टोपणनावाने, आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर नको म्हणून. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली ती पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीला एक विज्ञानकथाकार मिळाला. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. त्यांची पीएचडी झाली १९८१ मध्ये, लग्नानंतर दीड दशकाने, तीन मुली आणि घर सांभाळून. आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांप्रमाणे आपणही घराला आधी आणि करिअरला नंतर ठेवलं, असं त्यांनीच लिहिलंय. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. मीही नोंद म्हणूनच सांगते.

तर तुझ्या रविवारच्या तबल्याची कॅरोलाइन ती ज्युनियर मुलगी आहे. तिचा रविवार कसा जातो, कधी विचारलंस? तिलाही काही वाजवायचं, झोपायचं, घरी फोन करायचा असेल. ती नाही म्हणणार नाही, कारण तू सीनियर आहेस आणि तिला पुढे तुझ्याकडून एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) वाचायला शिकायचंय. शिवाय तुझ्या फ्लास्कमध्ये काय उकळतंय, ऑइल बाथ किती तापलाय, कंडेन्सरचं पाणी कधी बंद पडतं, हे तिला तुझ्याइतकं ठाऊक नसतं. काही झालं तर भाजेल ती आणि बोलणीही तीच खाईल. क्लासमध्ये तुझं मन लॅबमध्ये असायचं त्याला तू एकाग्रतेचा अभाव समजतेस. मला तसं वाटत नाही. तुझी रिअॅक्शन दुसऱ्याच्या जिवावर चालू होती आणि तुला ते आतून कळत होतं. मन जागेवर होतं, व्यवस्था चुकीची होती.

म्हणून पहिली गोष्ट ही दुरुस्त कर. रविवारी लक्ष द्यावं लागेल असं काही चालू ठेवायचंच नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत वर्कअप, म्हणजे तयार झालेला पदार्थ बाजूला काढणं, उरकायचं, कच्चा माल फ्रीजमध्ये, कॉलम सोमवारी. एखादी रिअॅक्शन दीड दिवस चालणारी असेल तर ती सोमवारी लाव. कधी अगदीच अडलं आणि तिची मदत घ्यावी लागली, तर त्या आठवड्यात तिची एक संध्याकाळ तू सांभाळ, तिने न मागता.

दुसरं, बाकावरचं तिरकिट बंद. इथे मी सरांच्या बाजूची आहे. तो रियाज नव्हता आणि ते कामही नव्हतं. कॉलमकडे बघायचं तर कॉलमकडे बघ, फ्रॅक्शन निसटलं की आठवड्याची मेहनत गटारात. रियाजाला वेगळी वेळ दे आणि ती उरलीसुरली देऊ नकोस. रात्री दहाला लॅबमधून दमून आल्यावर जो तबला वाजेल तो तुलाच ऐकवणार नाही. सकाळचा एक तास घे. शेजाऱ्यांचा त्रास असेल तर निम्मा वेळ नुसती पढंत कर, म्हणजे तोंडाने बोल म्हण, हाताने टाळी-खाली धरून. गुरुजींनाही ते आवडेल. आता महिनाभराच्या खंडानंतर एकदम रेल्यांच्या जलद बोलांवर उडी मारू नकोस. एक जुना कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) घेऊन ठाय, संथ लयीत बस.

तिसरं, सरांशी बोलणं. ते टाळता येणार नाही, आणि त्यांची सही तुझ्या प्रत्येक कागदावर लागते हे मी विसरलेले नाही. परवानगी मागू नकोस, माहिती दे. दिवस निवडून जा: ज्या दिवशी स्पेक्ट्रम स्वच्छ आलाय आणि सर खुशीत आहेत असा. केबिनमध्ये, चारचौघांत नको. एवढंच बोल: "सर, मी साडेआठपासून रात्री आठपर्यंत लॅबमध्ये असते. सकाळी तासभर रियाज आणि रविवारी क्लास, तेवढ्या वेळात फोन उचलणार नाही. सोमवारी सकाळी आठवड्याचा डेटा तुमच्या टेबलावर असेल." रामन, डार्विन काही नाही. मग तो सोमवार चुकवायचा नाही. गाइड लोकांची चिडचिड बहुतेकदा विद्यार्थी गाण्याला जातो याची नसते, तो कुठे आहे आणि काय चाललंय ते कळत नाही याची असते. तुझे सर अशांपैकी असतील तर दोन-तीन सोमवारांत विषय संपेल. नसतील, आणि बोलणं टोमण्यांवरून धमकीवर गेलं, तर तुझ्या संशोधन सल्लागार समितीतल्या ज्या मॅडम किंवा सरांवर विश्वास आहे त्यांच्याशी बोलून ठेव. पण ती पहिली पायरी नव्हे. एका टोमण्यावरून मी तुझ्या सरांना राक्षस ठरवणार नाही. बहुधा त्यांना रामन आणि तबल्याचं माहीतच नसेल. तुझा प्रबंध जमा झाला की तो १९३४ चा निबंध त्यांना भेट दे, तेव्हा तेही हसतील.

राहिली नोव्हेंबरची परीक्षा. यंदा देऊ नकोस. तू लिहितेस त्यावरून तयारी निम्मीच आहे, आणि सिनॉप्सिसच्या तोंडावर क्रियात्मक, लेखी, ठेके-लयकारी लिहिणं असं सगळं अंगावर घेतलंस तर तबला हीसुद्धा आणखी एक डेडलाइन होईल. तुझ्याकडे डेडलाइनी पुरेशा आहेत. पुढच्या सत्राला बस, परीक्षा कुठे जात नाही. गुरुजींना आजच फोन करून तसं सांग, ते थोडे नाराज होतील, होऊ देत. जानेवारीपर्यंत फक्त रविवारचा क्लास आणि सकाळचा तास. शेवटच्या पंधरवड्यात सकाळचा तास अर्ध्यावर आला तरी मनाला लावून घेऊ नकोस, पण क्लासचा रविवार सिनॉप्सिसला देऊ नकोस. सिनॉप्सिसला बाकीचे सहा दिवस आहेत.